पडद्याखालच्या दोन ओळी

चित्रपटाच्या तळाशी उमटणाऱ्या दोन ओळींनाही इतिहास असतो, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. त्या इतिहासाचा एक अध्याय खेळांसाठी बनवलेल्या यंत्रांवर, म्हणजे गेम कन्सोलवर घडला आहे. तो आम्हांला तांत्रिक करामतींपेक्षा हक्काचा अध्याय वाटतो.

२००० साली आलेले सोनीचे प्लेस्टेशन २ डीव्हीडीही दाखवत असे. डीव्हीडीवरील सबटायटल्स ही वस्तुतः अक्षरे नसतातच. ती चित्राच्या वर ठेवलेली चित्रे असतात. अशा ३२ मालिकांची सोय असली, तरी त्या कोणत्या भाषांत असाव्यात हे ठरवणार प्रकाशक. प्रेक्षकाला त्यात भर घालता येत नाही.

ही मक्तेदारी संगणकावर मोडली. सबरिप या सॉफ्टवेअरने त्या चित्रांतील अक्षरे ओळखून साध्या मजकुरात उतरवली. त्यातून रूढ झालेली एसआरटी फाईल म्हणजे साधेपणाचा कळसच: अनुक्रमांक, ओळ येण्याची व जाण्याची वेळ, आणि खाली मजकूर. कोणाही हौशी माणसाला ती लिहिता येते. व्हिडिओच्या फाईलचेच नाव देऊन ती शेजारी ठेवली, की बहुतेक प्लेअर तिला आपोआप उचलतात.

कन्सोलवर मात्र हे सहज घडले नाही. २००१ साली मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स आला. ७३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ६४ मेगाबाइट मेमरी, हार्ड डिस्क. म्हणजे अंतर्यामी तो संगणकच. पण कंपनीची डिजिटल स्वाक्षरी नसलेला प्रोग्रॅम तो चालवत नसे. हौशी मंडळींनी चिप बसवून ते कुलूप उघडले. २००२मध्ये एक्सबॉक्स मीडिया प्लेअर आणि २००४मध्ये एक्सबॉक्स मीडिया सेंटरची पहिली आवृत्ती आली. पुढे २०१४मध्ये त्याचेच नाव 'कोडी' झाले. एसआरटी फाईल आता टीव्हीवर वाचता येऊ लागली. परंतु हा प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टच्या परवानाबद्ध साधनांनी तयार होत असल्याने निर्माते केवळ सोर्स कोड देत. तयार प्रोग्रॅम आडवाटेनेच मिळे. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या यंत्रावर दोन ओळी वाचण्यासाठी एवढा खटाटोप!

देवनागरीची अडचण आणखी निराळी. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते, दिसते मात्र आधी. ही फेरमांडणी न जाणणाऱ्या प्लेअरवर 'दिवस'चा 'दविस' होतो. आमच्या पिढीने संगणकावर असे 'दविस' पुष्कळ पाहिले आहेत.

२००६च्या प्लेस्टेशन ३ने डिसेंबर २००७पासून डिव्हएक्स व्हिडिओ स्वीकारले, पण शेजारच्या एसआरटी फाईलकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्यावर २००८मध्ये पीएस३ मीडिया सर्व्हर हा तोडगा निघाला: घरातला संगणक अक्षरे चित्रातच मिसळून ते चित्र कन्सोलकडे धाडू लागला. अक्षर पुन्हा चित्र झाले. एक वर्तुळ पूर्ण झाले म्हणायचे.

आतापर्यंतची ही धडपड हौशी लोकांची होती. ज्यांना ऐकूच येत नाही, त्यांच्यासाठी मात्र हा हौसेचा प्रश्न नव्हता. २००८पासून नेटफ्लिक्स कन्सोलवर पोहोचले, पण तेथील पुष्कळ चित्रपटांना सबटायटल्स नव्हती. २०११मध्ये अमेरिकेच्या नॅशनल असोसिएशन ऑफ द डेफने १९९०च्या अपंग-हक्क कायद्याखाली दावा लावला. इंटरनेटवरील व्यवसायालाही तो कायदा लागू होऊ शकतो, असे न्यायालयाने २०१२मध्ये मानले. त्याच वर्षी तडजोड होऊन २०१४पर्यंत सर्व चित्रपट-मालिकांना सबटायटल्स देण्याचे कंपनीने मान्य केले. दरम्यान २०१०च्या कायद्याने व्हिडिओ दाखवणाऱ्या उपकरणांवरही सबटायटल्स दाखवण्याची जबाबदारी टाकली होती.

यंत्राची ताकद कधीच अपुरी नव्हती. एसआरटीचा मजकूर पडद्यावर उमटवणे हे खेळातील एखादे दृश्य रंगवण्याच्या मानाने किरकोळ काम. अडले ते इतकेच, की वाचू इच्छिणारा प्रेक्षक कोणी गृहीत धरला नव्हता. त्याची दखल घ्यायला आधी कुलूप उघडावे लागले, आणि मग न्यायालयाचे दार ठोठवावे लागले.