न थांबविता पाहण्याची कुळकथा

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत, जेथे पोलादाच्या बिनजोड नळ्यांपासून तीनचाकी वाहनांपर्यंत नाना वस्तू तयार होतात, तेथे भट्टीची उष्णता मोजण्यासाठी भट्टी विझवावी अशी सूचना कोणी केली तर त्याची गणना कोणत्या वर्गात होईल हे सांगावयास नको. संगणकांच्या बाबतीत मात्र, चालत्या यंत्राचे काम न अडविता त्याची अखंड नोंद कशी ठेवावी, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित राहिला होता.

या कुळातील जुने घराणे ‘सार’ या आज्ञेचे. तिच्या लिनक्सवरील प्रचलित व्यवस्थेत दर १० मिनिटांनी प्रोसेसर, स्मृती आणि डिस्क यांचा आकडा दप्तरी दाखल होतो. ही नोंद अल्पखर्चिक खरी. परंतु मध्येच तीन मिनिटे यंत्र धापा टाकीत असेल तर ती धाप सरासरीत विरघळून जाते, आणि ती कोणामुळे लागली हे तर मुळीच कळत नाही.

दुसरे घराणे एस-ट्रेसचे. १९९१ साली पॉल क्रॅनेनबर्ग यांनी तो सन कंपनीच्या संगणकांसाठी लिहिला आणि लवकरच इतरांनी तो लिनक्सवर आणला. कोणताही प्रोग्राम फाइल स्वतः उघडीत नाही. तो कर्नेलच्या, म्हणजे संगणकाच्या मूळ कारभाऱ्याच्या, दरबारी अर्ज करतो, आणि एस-ट्रेस हा त्या कचेरीच्या दारातला बारनिशी कारकून होय. प्रत्येक अर्जाचा मजकूर आणि त्यावरील हुकूम तो तंतोतंत टिपतो. मात्र त्यासाठी अर्जदाराला आत जाताना एकदा आणि बाहेर येताना पुन्हा एकदा उभे करून ठेवतो. ब्रेंडन ग्रेग यांनी २०१४ साली मुद्दाम योजलेल्या एका अतिरेकी चाचणीत या तपासणीपायी काम ४४२ पट मंदावल्याचे दाखविले.

प्रश्नाचे खरे गांभीर्य ध्यानात आले ते १९९७ च्या अखेरीस. सन कंपनीच्या ६४ प्रोसेसरांच्या नव्या महायंत्राची चाचणी चालू असता त्याची गती अधूनमधून अकस्मात ढासळे, आणि निष्णात अभियंत्यांनी कित्येक दिवस कर्नेलचे अंतरंग उपसल्यानंतर कारण निघाले ते हास्यास्पद वाटावे इतके क्षुल्लक: यंत्र चुकून राउटर म्हणूनही सिद्ध केले गेले होते आणि परक्या नेटवर्कचा भार आपल्या माथ्यावर घेत होते. या प्रसंगाचा सल ब्रायन कँट्रिल यांच्या मनात राहिला, आणि पुढे माइक शपिरो व अॅडम लेव्हेंथॉल यांच्या साहाय्याने त्यांनी डी-ट्रेस रचला. २००५ च्या जानेवारीत सोलारिस १० या कार्यप्रणालीबरोबर तो सर्वांच्या हाती आला. निरीक्षणाची हजारो ठाणी त्यात निद्रिस्त असतात आणि निद्रिस्त असेतोवर त्यांचा भार शून्य असतो. आज्ञा होताच कर्नेलमधील सूचना जागच्या जागी बदलून ती जागी होतात. निरीक्षकाच्या भाषेत आवर्तने लिहिण्याची मुभाच रचनाकारांनी ठेवली नाही, कारण अनंत आवर्तनात अडकलेला निरीक्षक यंत्राला घेऊन बुडाला असता. माझ्या मते या साधनाची थोरवी त्याच्या सामर्थ्यापेक्षा या संयमात अधिक आहे.

लिनक्सची वाट निराळी. चालत्या कर्नेलमध्ये निरीक्षणाची ठाणी बसविणाऱ्या, २००४ मध्ये त्यात दाखल झालेल्या के-प्रोब्स या यंत्रणेत आयबीएमच्या भारतातील अभियंत्यांचा मोठा वाटा होता, ही गोष्ट आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आवर्जून सांगितली जावयास हवी. नेटवर्कवरील पाकिटे चाळण्यासाठी स्टीव्हन मॅकॅन व व्हॅन जेकबसन यांनी १९९२ च्या सुमारास रचलेल्या बीपीएफचा २०१४ मध्ये अलेक्सी स्टारोव्होइटोव्ह यांनी विस्तार केला. त्यात निरीक्षकाचा प्रोग्राम कर्नेल आधी तपासतो आणि निर्धोक ठरला तरच आत घेतो. अॅलेस्टेर रॉबर्टसन यांचा बीपीएफ-ट्रेस या दोन्ही प्रवाहांच्या संगमावर उभा आहे, आणि त्याच्या भाषेवर डी-ट्रेसचे ऋण उघड दिसते.

एमआयडीसीतील ज्या तरुण अभियंत्याकडे कारखान्याच्या सर्व्हरांचा कार्यभार असेल, त्याने पाळी चालू असताना मुख्य सर्व्हरवर एस-ट्रेस लावू नये, तो चाचणीच्या यंत्रापुरता राखून ठेवावा. चालत्या कामावर, अर्जदाराला उभे न करता तशीच नोंद ठेवणारा पर्फ ट्रेस किंवा बीपीएफ-ट्रेस वापरावा, आणि तेथेही प्रत्येक घटना पडद्यावर छापण्याऐवजी तिची बेरीज कर्नेलमध्येच करवून घ्यावी.