नवांतली एक सुई

चिनी वैद्यकाचा आद्य ग्रंथ म्हणून मान्यता पावलेल्या, ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास संकलित झालेल्या 'ह्वांगदी नेइजिंग' या संहितेत वैद्याने जवळ बाळगावयाच्या नऊ सुयांचे वर्णन आले आहे. परंतु त्यांपैकी एक चार चिनी तसू लांब, पाव तसू रुंद आणि तरवारीच्या पात्याच्या घाटाची असून गळवातील पू काढण्याकडे तिची योजना होती, तर दुसऱ्या एकीचे काम दूषित रक्त वाहू देण्याचे होते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या संचाला सुयांपेक्षा शस्त्रांचा संच म्हणणेच अधिक रास्त वाटू लागते. या नवांत केसासारखी बारीक अशी एक सुई होती. अ‍ॅक्युपंक्चरची कुळकथा म्हणजे बाकीच्या भावंडांना मागे सारून ही एकच पुढे कशी आली, याची हकीकत होय.

या संहितेच्याही आधीचा दाखला हूनान प्रांतातील मावांगदुई येथे मिळतो. ख्रिस्तपूर्व 168 साली बंद झालेल्या आणि 1973 साली उकरलेल्या तेथील थडग्यात रेशमी वस्त्रावर लिहिलेली जी वैद्यकीय हस्तलिखिते सापडली, त्यांत शरीरातील अकरा वाहिन्यांचे मार्ग दिले असून त्यांच्या विकारांवर डाग देण्याचा उपाय सांगितला आहे. सुई टोचण्याचा उपाय मात्र त्यांत नाही. उलट, हबेई प्रांतात मानछंग येथे ख्रिस्तपूर्व 113 साली दफन केलेल्या ल्यू शंग या राजपुत्राच्या कबरीतून 1968 साली सोन्याच्या चार आणि चांदीच्या पाच सुया निघाल्या. म्हणजे वाहिन्यांची कल्पना आधी रुजली आणि सुई मागाहून तिच्या आश्रयाला आली, असे मानावयास जागा आहे.

सुई आली तरी ती नेमकी कोठे टोचावयाची, याविषयी ग्रंथाग्रंथांत मतभेद माजले होते, आणि ते मिटविण्याची तजवीज अखेरीस सोंग दरबाराला करावी लागली. बादशहाच्या आज्ञेने वांग वेइयी या राजवैद्याने सन 1026 च्या सुमारास सचित्र ग्रंथ सिद्ध केला आणि त्याच्या जोडीला पुरुषाकृती दोन कांस्यमूर्ती ओतवून घेतल्या, ज्यांच्या अंगावर उपचारबिंदूंच्या जागी छिद्रे पाडलेली होती. परीक्षेच्या वेळी मूर्तीवर मेणाचा थर देऊन आत पाणी भरीत, आणि उमेदवाराची सुई बिनचूक छिद्रात शिरली तरच तिच्यामागोमाग पाणी बाहेर येई, असे परंपरा सांगते.

दरबाराने दिलेली ही प्रतिष्ठा दरबारानेच पुढे काढून घेतली. बादशहाच्या देहाला सुई आणि आगीचा स्पर्श व्हावा हे उचित नव्हे, अशा विचाराने सन 1822 मध्ये दाओग्वांग बादशहाने राजवैद्यालयातील सुई-उपचाराचे खातेच फर्मान काढून बरखास्त केले. परंतु तोवर जपानात या सुईचे भाग्य उजळलेले होते. सुगियामा वाइची या सतराव्या शतकातील अंध वैद्याने अतिशय बारीक सुई एका अरुंद नळीत धरून वरून हलकेच टिचकी मारण्याची युक्ती प्रचारात आणली, आणि आज अनेक वैद्य जी प्लास्टिकची नळी वापरतात ती त्याच नळीची वंशज होय. पुढे 1930 नंतरच्या दशकात चीनमधील छंग दान-आन याने शरीररचनाशास्त्राच्या आधारे बिंदूंची फेरमांडणी करून ते रक्तवाहिन्यांपासून दूर नेले आणि बारीक सुईचाच पुरस्कार केला. रक्त काढणारी सुई त्यानंतर गौण ठरली.

आपल्याकडे ही विद्या आली ती कोटणिसांच्या एका सहकाऱ्याच्या हातून. 1938 साली चीनच्या साहाय्यार्थ गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातील पाच जणांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर यांच्यासमवेत कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू होते. कोटणीस 1942 साली तिकडेच निवर्तले. बसू परत आले, 1958 च्या सुमारास पुन्हा चीनला जाऊन सुईचे शिक्षण घेऊन आले आणि कलकत्त्यात त्यांनी उपचार सुरू केले. महाराष्ट्रात 2015 च्या कायद्याने या पद्धतीला सरकारी मान्यता मिळाली.

आता उपचाराला जाणाऱ्याने कशाची अपेक्षा धरावी? सुई साधारणतः पाव मिलिमीटर जाडीची, पोलादी आणि एकदा वापरून टाकून द्यावयाची असावी, व तिचे पाकीट आपल्यासमक्ष फोडले जावे. ती शिरताना मुंगी चावल्याइतपत जाणवते. आत गेल्यावर त्या जागी जडपणा, मुंग्या किंवा बोथट ठणका उमटला तर गडबडून जाण्याचे कारण नाही, कारण वैद्य त्याच संवेदनेच्या शोधात असतो. अशा काही सुया वीस ते तीस मिनिटे ठेवून स्वस्थ पडून राहावे लागते. क्वचित रक्ताचा थेंब दिसतो, त्वचा काळीनिळी होते, भोवळ येते. छातीवर सुई खोल गेली तर फुप्फुसाला इजा होण्याचा दुर्मीळ धोकाही आहे. म्हणून रक्त पातळ करणारी औषधे, गर्भारपण यांची आगाऊ वर्दी द्यावी, आणि सुईतून वीज सोडणार असतील तर पेसमेकरचीही.

गुण का येतो, याचे उत्तर वाहिन्यांत वाहणाऱ्या प्राणशक्तीकडून आज मज्जासंस्थेकडे आले आहे. 1977 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, अफूवर्गीय द्रव्यांचा प्रभाव रोखणारे नॅलोक्सोन दिल्यावर सुईने उणावलेली दातदुखी परतली, आणि त्यावरून शरीरातीलच वेदनाशामक द्रव्ये सुईने जागी होतात असा तर्क बळावला. 2012 साली सुमारे अठरा हजार रुग्णांच्या नोंदी एकत्र तपासल्या असता पाठ, मान, गुडघे व डोके यांच्या जुनाट दुखण्यात खरी सुई लटक्या सुईहून सरस ठरली. तो फरक मात्र लहानच होता. तेव्हा दुखण्याचे निदान आधी डॉक्टरांकडून करून घ्यावे, सुई टोचणाऱ्याच्या नोंदणीची खातरजमा करावी, आणि पाच-सहा वेळा जाऊनही उतार पडला नाही तर पद्धतीच्या प्राचीनत्वाची भीड न धरता उपचार थांबवावा.