मोहाची, पहिल्या धारेची

छत्तीसगढीतून मराठीत काहीही आणताना मी हमखास एका शब्दापाशी थबकते : महुआ. मराठीत त्याचा मोह होतो आणि झाड बाजूला राहून उपदेश सुरू होतो. खरे तर हे दोन निराळे शब्द. झाडाचा मोह संस्कृत 'मधूक'पासून प्राकृतातून झिजत आला, म्हणजे मुळाशी मध आहे. भुलवणारा मोह 'मुह्' धातूचा. हिंदीने आणि छत्तीसगढीने मधाची खूण ठेवली. मराठीत दोन्ही उच्चार एकावर एक बसले, आणि 'मोहाची' म्हटल्याबरोबर पिणारा आधीच दोषी ठरला. 'दारू' हा शब्द तरी काय, फारसीत औषध; आपण तो तोफेतही भरला. बस्तरच्या हलबीत याच पेयाला 'मंद' म्हणतात. मराठीत तेही फसते.

मी राहते रायपूरच्या पुरानी बस्तीत. केवळ दुधावर राहणाऱ्या महंतांच्या नावाचा दूधाधारी मठ इथून जवळ. अशा शेजारात बसून दारूवर लिहायचे. मठाला नागपूरकर भोसल्यांचा आश्रय होता, आणि इथल्या मराठीची कथाही तिथूनच निघते. 1741 मध्ये भास्करपंत रतनपूरवर चालून आले, 1758 पासून बिंबाजी भोसले तिथे राहून कारभार पाहू लागले. त्या राजवटीच्या करांत पंडरी, सायर यांच्याबरोबर एक 'कलाली' होती. कलाराच्या भट्टीवरचा कर. म्हणजे मराठी राज्याने हे पेय ओळखले ते जमेच्या बाजूला. चवीबद्दल कोणी लिहायचे कारणच नव्हते.

इंग्रजांनी तेच अधिक नेटाने केले. 1892 साली मुंबई इलाख्यात ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहफुलांवर कायदा झाला. झाडाखाली पडलेले फूल घरात साठवणेही नियमात आले. मध्य प्रांताचा आबकारी कायदा 1915 चा. छत्तीसगढमध्ये नाव बदलून तो आजही लागू आहे. बस्तरात 1910 च्या भूमकालात जंगलबंदी आणि वेठबिगारीबरोबर दारूच्या मक्त्याचाही राग होता. आज इथे दुकाने 2017 पासून सरकारच चालवते, आणि आदिवासींना घरच्यापुरती, ठरावीक मर्यादेत गाळण्याची मुभा आहे.

सारे विरोधक बाहेरचे होते असे मात्र नाही. भोसल्यांच्याच काळात गुरू घासीदासांनी सतनामींना दारू सोडायला सांगितले. गडचिरोलीची 1993 ची दारूबंदीही लोकांच्या रेट्यातून आली. दारूपायी घर बुडालेल्या बाईला मी शब्दांच्या व्युत्पत्त्या सांगायला जाणार नाही.

पण चव म्हणून काही आहे, आणि ती पारखणारे लोक आहेत. मार्च-एप्रिलमध्ये फूल पहाटे गळते, ते उन्हात मनुकेसारखे तपकिरी होईतो वाळवतात. ओल लागून बुरशी आली की दारूलाही तो वास येतो, म्हणून जाणता माणूस आधी फुलांची चौकशी करतो. मग फुले पाण्यात काही दिवस आंबतात, मडके चुलीवर चढते, वरच्या भांड्यातले पाणी गरम झाले की बदलतात. आधी उतरते ती पहिली धार, तिखट. नंतरची हळूहळू फिकी. पेयाला रंग नाही. वासात धूर, वाळलेले फूल आणि थोडा मध. त्यात काळा गूळ नि नवसागर पडला, की तो वास जातो आणि उरतो नुसता जोर. आगीवर थेंब टाकून ज्वाळा बघतात. ज्वाळेवरून जोर कळतो, विष कळत नाही. म्हणून घ्यायची तर ओळखीच्या घरची. द्रोणातून पिण्याआधी चार थेंब जमिनीवर, पितरांसाठी. इंग्रजी अनुवादांत याला सर्रास 'वाइन' म्हणतात. ही गाळलेली दारू आहे, वाइन नव्हे.

फेणीचे नशीब बरे. गोव्याने काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळवले, 2016 मध्ये वारशाचा दर्जा दिला. उर्राक कुठला आणि फेणी कुठली हे पर्यटकही विचारतो. महाराष्ट्राने मोहफुले गोळा करण्या-साठवण्यावरचे निर्बंध उठवले ते थेट 2021 मध्ये. मराठीत 'पहिल्या धारेची' हा एकच पारखीचा शब्द सर्वांच्या तोंडी आहे, आणि तोही बहुधा विनोदात येतो.

आमच्या शहरात अनुवादाची वाट माधवराव सप्र्यांनी घातली. 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' त्यांनी हिंदीत नेले. उलट दिशेने, भट्टीकडून मराठीकडे, फारसे कोणी आले नाही. रायपूरलाच जन्मलेल्या हबीब तन्वीरांचे 'बहादुर कलारिन' हे नाटक बालोदजवळच्या सोरर गावच्या आख्यायिकेवर आहे. नायिका दारू विकते आणि राजा तिच्यावर भाळतो. ती आख्यायिका मी मराठीत लिहिली तेव्हा 'मद्यविक्रेती' टाळून 'कलारीण' ठेवले. पुण्याहून टीप द्यायची सूचना आली. भंडाऱ्याच्या वाचकाला टीप लागली नाही. त्याच्या गावात कलारांची आळी आहे.