उपवासातील मीठ

उपवासातील मीठ : अन्न पूर्णपणे किंवा काही अंशी वर्ज्य केलेल्या काळात शरीरातून जाणारे सोडियम आणि त्याची मिठावाटे होणारी भरपाई. मुंबईच्या अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत मराठी, गुजराती आणि जैन कुटुंबे शेजारी राहतात, त्यामुळे फराळाचा, अळणी आणि केवळ पाण्यावरचा असे तिन्ही प्रकारचे उपवास एकाच इमारतीत पाळलेले दिसतात. वजन किंवा मधुमेह आटोक्यात ठेवण्यासाठी केला जाणारा कीटोजेनिक आहार, म्हणजेच ‘कीटो’, त्यांत अलीकडे मिसळला आहे. या चारही प्रकारांत मिठाची गरज सारखी नसते. कोणता पदार्थ उपवासाला चालतो, यावर ती ठरत नाही. शरीरातील इन्शुलिन किती उतरते, यावर ती ठरते.

शरीरक्रिया : इन्शुलिनच्या प्रभावाने मूत्रपिंडे सोडियम धरून ठेवतात. अन्न थांबले किंवा कर्बोदके फार कमी झाली की इन्शुलिन उतरते आणि लघवीवाटे सोडियम व पाणी अधिक प्रमाणात बाहेर पडू लागते. यकृत व स्नायूंतील ग्लायकोजेनच्या साठ्याबरोबर पाणीही साठलेले असते. साठा संपताना तेही निघून जाते. पहिल्या काही दिवसांत काट्यावर दिसणारी घट त्यामुळे मुख्यतः पाण्याची असते. चरबीच्या ज्वलनातून तयार होणारे कीटोन लघवीतून जाताना आपल्यासोबत आणखी सोडियम नेतात. सोडियम वाचवण्यासाठी शरीर अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढवते, पण त्यामुळे पोटॅशियमची गळती वाढते. डोके ठणकणे, उभे राहताच घेरी येणे, पोटऱ्यांत गोळे येणे, धडधड आणि गळून जाणे ही लक्षणे यातून उद्भवतात. पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असलेली ही गळती उपवास लांबला की पुष्कळ कमी होते.

उपनगरांतील उपवास : आषाढी एकादशी, श्रावणी सोमवार, संकष्टी आणि नवरात्र या दिवशी मराठी घरांत साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, राजगिरा, रताळी असा फराळ असतो. ५० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ४४ ग्रॅम कर्बोदके असतात. अशा उपवासात इन्शुलिन फारसे उतरत नाही, म्हणून जादा मिठाची गरजही पडत नाही. उपवासाचा चिवडा, बटाट्याचे वेफर्स आणि पापड यांतून मीठ उलट जास्तच पोटात जाते.

आषाढ शुद्ध एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत गुजराती मुली गौरीव्रत, म्हणजे मोळाकत, करतात. त्या पाच दिवसांत मीठ वर्ज्य असते, पण धान्य आणि दूध चालते. चैत्र आणि आश्विनातील जैन आयंबिल ओळी नऊ दिवसांची असते. तिच्यात दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळण वगळून दिवसातून एकदाच उकडलेले धान्य व कडधान्य खातात. काहीजण त्यातही मीठ सोडतात. या दोन्ही व्रतांत कर्बोदके मिळत राहिल्यामुळे मीठ नसूनही निरोगी शरीर सोडियम बऱ्यापैकी राखते.

पर्युषणातील अठ्ठाईचे स्वरूप वेगळे आहे. तिच्यात सलग आठ दिवस अन्न नसते आणि उकळून गार केलेले पाणीही फक्त दिवसाउजेडी घेतात. शरीर खऱ्या अर्थाने कीटोनवर चालते आणि सोडियम बाहेरून मिळत नाही. तपस्वी या दिवसांत विश्रांती घेतात आणि घरची माणसे त्यांच्याकडे लक्ष ठेवतात. ही रीत शरीराच्या दृष्टीनेही शहाणपणाची आहे. जानेवारी १९४८मधील दिल्लीच्या उपोषणाची घोषणा करताना महात्मा गांधींनी मात्र पाण्यात क्षार आणि लिंबू घेण्याची मुभा स्वतःकडे राखून ठेवली होती.

कीटो आणि उपवास : उपवासाने अपस्माराचे झटके कमी होतात, या निरीक्षणावरून अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील रसेल वाइल्डर यांनी १९२१मध्ये कीटोजेनिक आहार सुचवला. कीटो हे मुळात उपवासाच्या परिणामाचे अनुकरण आहे. दिवसाची कर्बोदके साधारण २० ते ५० ग्रॅमच्या आत ठेवणाऱ्या व्यक्तीने त्यात उपवास जोडला, तर आधीच चालू असलेल्या सोडियमच्या गळतीत अन्नातून येणारे मीठही बंद होते. नवरात्र अनेकदा ऑक्टोबरच्या उकाड्यात येते. घामाने सोडियम आणखी घटते आणि लोकलच्या गर्दीत उभ्याने प्रवास करताना घेरी येण्याचा धोका वाढतो. कीटोत बसणारे उपवासाचे पदार्थ म्हणजे दही, पनीर, ओले खोबरे, काकडी, तूप आणि बेताचे शेंगदाणे. पातळ ताक, साखर न घातलेले लिंबूपाणी आणि लसूण न घातलेली सोलकढी यांतून मीठ सहज घेता येते. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम कमी आणि साखर बरीच असते.

प्रमाण : जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. त्यात सुमारे २ ग्रॅम सोडियम असते आणि ते सपाट चहाचा चमचाभर भरते. कीटोचे पुरस्कर्ते स्टीफन फिनी आणि जेफ वोलेक ३ ते ५ ग्रॅम सोडियम, म्हणजे साधारण ७.५ ते १२.५ ग्रॅम मीठ सुचवतात. हा सल्ला रक्तदाब, हृदय आणि मूत्रपिंडाचा विकार नसलेल्या, पूर्ण कीटो पाळणाऱ्या प्रौढांपुरता आहे. साबुदाणा खाणाऱ्याने तो उचलू नये. मीठ दिवसभरात चिमूट-चिमूट विभागून घ्यावे. पाण्यात एकदम जास्त कालवून प्यायल्यास मळमळ आणि जुलाब होतात. मीठ अजिबात न घेता तहानेपलीकडे साधे पाणी पीत राहिल्यासही रक्तातील सोडियम घटू शकते.

मिठाचे प्रकार : उपवासाला चालणारे सैंधव, म्हणजे शेंदेलोण, खाणीतून निघते, तर साधे मीठ बहुतांशी समुद्राच्या पाण्यापासून मिठागरात पिकते. दोन्हींत मुख्य घटक सोडियम क्लोराइडच असतो. सैंधवाने रक्तदाब वाढत नाही, हा समज चुकीचा आहे. त्यात बहुधा आयोडीन मिसळलेले नसते, म्हणून वर्षभर केवळ तेच वापरणे योग्य नव्हे. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम क्लोराइड असते. मूत्रपिंडाचे रुग्ण आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते घातक ठरू शकते.

सावधगिरी : रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडविकार, गर्भारपण किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या असतील, तर उपवास आणि मीठ दोन्ही डॉक्टरांना विचारून ठरवावे. इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेहींना येणारी घेरी साखर उतरल्याचीही असू शकते, म्हणून आधी साखर तपासावी. साखर उतरलेली असताना मीठ-पाण्याचा उपयोग नसतो. ‘ग्लिफ्लोझिन’ गटातील गोळ्या चालू असताना कीटो किंवा कडक उपवास केल्यास साखर फार न वाढताही रक्त आम्लधर्मी होऊन जीव धोक्यात येऊ शकतो. जुलाब-उलट्या झाल्यास कीटोचा विचार बाजूला ठेवून जलसंजीवनी घ्यावी. तिच्या १ लिटर द्रावणात १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते आणि आतड्यातून सोडियम शोषले जाण्यासाठी ते आवश्यक असते. शुद्ध हरपणे, छातीत दुखणे किंवा अनियमित धडधड होणे या लक्षणांत उपवास लगेच सोडून रुग्णालय गाठावे. जीव सांभाळण्यासाठी सोडलेल्या उपवासाने व्रताला कमीपणा येत नाही.

पारणे : दीर्घ उपवासानंतर एकदम गोडधोड खाल्ल्यास इन्शुलिन वेगाने वाढते. मूत्रपिंडे सोडियम व पाणी धरून ठेवू लागतात, पाय सुजतात आणि रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. आठ दिवसांच्या तपानंतर मुगाच्या पाण्यासारखा हलका आहार थोडा-थोडा घेत जेवण वाढवावे. पहिल्या दिवशी खारट फरसाण आणि लोणची टाळावीत, कारण उपवासात मिठाला मुकलेले शरीर पारण्याच्या दिवशी तेच मीठ साठवू लागलेले असते.