उच्च रक्तदाब, हृदय आणि संप्रेरके : एक ऐतिहासिक आढावा

इ. स. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील सर्पगंधेचा अभ्यास ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. औषधाचा गुण तेव्हा रक्तदाबमापकावर दिसे. हृदयावरील ताण रक्ततपासणीत कळत नसे. १९८१ मध्ये कॅनडातील डी बोल्ड यांनी उंदरांच्या हृदयातील अलिंदांचा अर्क मूत्रावाटे क्षार व पाणी बाहेर टाकतो, हे सिद्ध केले. हृदय संप्रेरकही स्रवते, हे त्यातून स्पष्ट झाले. १९८८ मध्ये जपानी संशोधकांनी ‘बीएनपी’ शोधले. निलयांवर ताण येताच त्याचे रक्तातील प्रमाण वाढते. तथापि, बीएनपी रक्तदाब मोजत नाही. त्यामुळे पाथरीसारख्या तालुक्याच्या गावीही नियमित रक्तदाबमापन हीच निदानाची पहिली पायरी ठरते.