गावाजवळची सौर वीज : दिवसा मोटार कशी चालते अन् लाईट गेल्यावर काय होतं?

छत्रपती संभाजीनगर : रब्बीत गहू-हरभऱ्याला रात्री पाणी भरायचं म्हणजे थंडी, साप-विंचू अन् बिबट्याची भीती. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० राबवली जात आहे. तिचा राज्यातला पहिला प्रकल्प आपल्याच जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातील धोंदलगावला सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. त्याची क्षमता ३ मेगावॅट आहे.

योजना काय आहे?

शेतीचा ११ केव्हीचा फिडर जवळच्या ३३/११ केव्ही उपकेंद्रातून निघतो. परळी, चंद्रपूरसारख्या लांबच्या केंद्रांतली वीज तिथवर तारांवरून येते. या योजनेत उपकेंद्रापासून ५ ते १० किलोमीटरच्या आत सौर पॅनल बसवून तिथली वीज थेट उपकेंद्राला जोडतात. खासगी जमीन दिल्यास हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडं मिळतं, त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ होते.

फायदा कसा होतो?

तारेतून जाणारा करंट दुप्पट झाला, की तारेत वाया जाणारी वीज चौपट होते. वीज जवळच तयार झाली, तर लांबच्या लाईनवरचा भार हलका होतो आणि उपकेंद्राला व्होल्टेज टिकवणं सोपं जातं. व्होल्टेज कमी पडलं, की मोटार जास्त करंट ओढते, तापते आणि शेवटी जळते.

लाईट गेल्यावर सौर वीज चालू राहते का?

नाही. मुख्य लाईन बंद पडली, की प्रकल्पाचा इन्व्हर्टरही आपोआप बंद होतो. तसं झालं नाही, तर बंद समजून खांबावर चढलेल्या लाईनमनच्या जिवावर बेतेल. घराच्या छतावरच्या, ग्रीडला जोडलेल्या साध्या सोलरचंही असंच आहे. लाईट गेल्यावरही घर चालू ठेवायचं, तर बॅटरी आणि तसा खास इन्व्हर्टर लागतो.

ढग आले किंवा सूर्य मावळला तर?

ग्रीडमध्ये जेवढी वीज वापरली जाते, तेवढीच त्याच क्षणी तयार व्हावी लागते. तरच ५० हर्ट्झची फ्रिक्वेन्सी टिकते. ढग आला, की सौर वीज एकदम घटते. ती तूट औष्णिक केंद्रं आणि काही मिनिटांत सुरू होणारं कोयनेसारखं जलविद्युत केंद्र भरून काढतात. संध्याकाळी घराघरात दिवे लागतात, तेव्हा सौर वीज नसतेच. म्हणून सौर प्रकल्प वाढतील, तशी वीज साठवण्याची सोयही वाढवावी लागेल.

शेतकऱ्यांनी काय करावं?

• ऑटो-स्विच काढून टाका. वीज येताच सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, भार वाढून फिडर ट्रिप होतो, नाहीतर डीपी जळते.

• मोटारीला योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवा. करंट कमी लागतो, व्होल्टेज सुधारतं.

• आकडा टाकू नका. मंजूर भारापेक्षा मोठी मोटार लावू नका.

• डीपी जळाली किंवा तार तुटली, तर हात लावू नका. १९१२ वर तक्रार करा.

दिवसाची वीज सौर प्रकल्पातून येईल, पण ती शेवटच्या शेतापर्यंत पोहोचते ती याच डीपीतून. आठ तासांच्या पाळीत डीपी जळाली, तर ऊन कितीही असो, पीक पाण्यावाचून राहतं.