‘अल्कोहोल’ : एका शब्दाचा प्रवास

सुई टोचण्यापूर्वी परिचारिका दंडावर ओला बोळा फिरवते. त्याचा गार स्पर्श आणि उग्र दर्प ज्या द्रवाचा, त्यास ‘अल्कोहोल’ म्हणतात. परंतु हा शब्द जन्मला, तेव्हा मद्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. तो डोळ्यांत घालावयाच्या सुरम्याचा वाचक होता!

अरबी भाषेत ‘कुह्ल’ म्हणजे सुरमा. ‘अल्’ हे नामापूर्वी येणारे उपपद. अँटिमनीचे काळे, चकचकीत खनिज खलात घोटून त्याची अशी पूड करीत, की ती डोळ्यास खुपू नये. मध्ययुगात अरबांची किमयाविद्या स्पेनमार्गे युरोपात गेली. तिच्या ग्रंथांबरोबर हा शब्दही लॅटिन भाषेत शिरला. तेथे मात्र तो सुरम्यापुरता उरला नाही. कोणत्याही पदार्थाची अतिसूक्ष्म पूड म्हणजे ‘अल्कोहोल’, असा त्याचा अर्थ विस्तारला.

मग पूड जाऊन द्रव आला कसा? द्राक्षमद्य उकळून त्याची वाफ निववण्याची कृती इटलीत बाराव्या शतकापासून ज्ञात होती. निघालेल्या द्रवास ‘ज्वलनशील जल’ आणि पुढे ‘जीवनजल’ म्हणत. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस (१४९३-१५४१) या स्विस वैद्याने त्यास ‘अल्कोहोल विनी’, म्हणजे द्राक्षमद्याचा सूक्ष्मतम अंश, असे म्हटले. खनिजाचे सार जशी त्याची पूड, तसे मद्याचे सार हा द्रव, ही त्यामागील कल्पना. अठराव्या शतकात ‘विनी’ हे पद गळाले. पुडीचा अर्थही विस्मृतीत गेला.

मराठीतील ‘मद्यार्क’ या प्रतिशब्दाची कथाही अशीच आहे. त्यातील ‘मद्य’ संस्कृत. ‘अर्क’ मात्र अरबी ‘अरक’ या शब्दापासून आलेला. त्याचा मूळ अर्थ घाम. भट्टीवरील भांड्यात वाफ निवून थेंब साचतात, ते घामासारखेच दिसतात.

अल्कोहोल या शब्दाचा प्रवास युरोपातही संपला नाही. नवा अर्थ घेऊन तो अरबी भाषेत परतला. आज तेथे सुरम्यास ‘कुह्ल’ आणि मद्यार्कास ‘कुहूल’ म्हणतात. एक डोळ्यांस तेज देणारा मानलेला, दुसरा डोळ्यांवर धुंदी आणणारा! वस्तू बदलली, देश बदलले. पदार्थातील सूक्ष्म सार वेगळे काढण्याची मनुष्याची जुनी धडपड मात्र या शब्दाने आजवर जपून ठेवली आहे.